250 की 300? दोन ट्रेलर, इंदूर ते न्हावाशेवा आणि परत

सोमवार, इंदूर-पिथमपूर

काकांना ट्रान्सपोर्टच्या धंद्यासाठी पुढची ट्रेलरची गाडी घ्यायचीये आणि प्रश्न एकच, 250 एचपीची (एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, इंजिनाची ताकद) घ्यायची की 300ची. ट्रान्सपोर्ट नगरात दहा जणांना विचारा, दहा उत्तरं मिळतात. कोणी म्हणतं 300 म्हणजे नुसता डिझेलचा खर्च, कोणी म्हणतं 250 घाटात रडते. आकडा काढून मात्र कोणीच सांगत नाही. आपल्याकडे दोन्ही गाड्या आहेत, एक टाटा सिग्ना 4625 आणि एक 5530, आणि दोन्ही याच आठवड्यात कंटेनर घेऊन न्हावाशेव्याला निघणार होत्या, म्हटलं मी जातोच सोबत. चुलतभाऊ पिथमपूरला इंजिन टेस्टिंगमध्ये कामाला आहे, त्यानेही सुट्टी टाकली. काकांना सांगितलं, परत आल्यावर तुम्हाला कागदावर आकडा देतो.

ज्यांना गाड्यांचे नंबर वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी, पहिले दोन आकडे म्हणजे भरलेल्या गाडीचं एकूण वजन टनात, शेवटचे दोन म्हणजे एचपी, पुढे एक शून्य लावून वाचायचे. 4625 म्हणजे 46 टन आणि 250 एचपी, 5530 म्हणजे 55 टन आणि 300. आता गंमत बघा, दोन्हीत इंजिन एकाच घरातलं, कमिन्सचं 6.7 लिटर, सहा सिलेंडर, 107 मिलिमीटर बोअर (सिलेंडरची रुंदी) आणि 124 स्ट्रोक (पिस्टनची धाव). लोखंड जवळपास तेच. फरक आहे तो डिझेल किती आणि कधी फवारायचं, टर्बो किती हवा कोंबणार आणि कंपनीने त्या इंजिनाला किती ताणायची परवानगी दिलीय यात. कंपनीच्या कागदावर 250वालं 186 किलोवॅट आणि 950 न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर), 300वालं 224 किलोवॅट आणि 1100 न्यूटन मीटर. किलोवॅटचे हे दोन्ही आकडे 2300 आरपीएमवरचे (इंजिनाचे मिनिटाला 2300 फेरे) आहेत आणि ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं हिच्यावरच येणार आहे.

लोडिंग पिथमपूरलाच होतं, सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड. कंटेनर भरेपर्यंत भावाने ट्रॅकच्या बाजूला नेऊन आणलं, गाड्यांची चाचणी घेणाऱ्या नॅट्रॅक्सचा तो 11.3 किलोमीटरचा गोल हायस्पीड ट्रॅक, 2021 मध्ये सुरू झालेला, आत नाही जाता आलं पण बाहेरूनच छाती भरून येते की आपल्या इंदूरच्या शेजारी हे आहे. जवळच व्होल्वो-आयशरचा इंजिनचा कारखाना, व्होल्वोच्या 5 आणि 8 लिटर इंजिनांचं काम तिथे 2013 पासून चालतं. भाऊ म्हणाला, "दादा, बेंचवर इंजिन टेस्ट होतं ना, तेव्हा हवा 25 डिग्रीची धरून हिशोब करतात, मागे गिअरबॉक्स नाही, हौसिंग (मागचा एक्सल) नाही, टायर नाही. तो आकडा खोटा नसतो, पण तो इंजिनाचा आकडा आहे, गाडीचा नाही."

रात्री दोन्ही गाड्या वजनकाट्यावर घेतल्या. दोन्ही 45 टनाच्या आसपास, पन्नास-साठ किलोचा फरक. मनासारखं झालं, कारण वजन वेगळं असतं तर तुलनेला काही अर्थच राहिला नसता.

मंगळवार, पिथमपूर ते धुळे

पहाटे निघालो, मी 5530मध्ये ड्रायव्हर उस्तादांबरोबर, भाऊ 4625मध्ये ड्रायव्हर नानांबरोबर. उस्ताद भिंडकडचे, नाना शिरपूरचे, बोलता बोलता अहिराणीत कधी जातात ते त्यांनाही कळत नाही.

मानपूरनंतर उतार सुरू होतो. गणपती घाट म्हटलं की आमच्या धंद्यात सगळे गप्प होतात, इतक्या गाड्यांचे ब्रेक तिथे गेलेत, आता उतरणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा रस्ता झालाय त्यामुळे खूप बरं झालंय. इथे एक गोष्ट कळली जी मला आधी कोणी सांगितली नव्हती. मी उस्तादांना म्हटलं 300ची गाडी आहे म्हणजे उतारावर पण इंजिन जास्त धरून ठेवत असेल ना. ते म्हणाले अजिबात नाही, उतारावर दोन्ही सारख्याच, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा) लावून खालच्या गिअरमध्ये ठेवायची, त्यात काही शहाणपण चालत नाही. नंतर भावाला विचारलं तर त्याने पण तेच सांगितलं, उतारावर इंजिन डिझेल जाळतच नाही, ते नुसतं हवा दाबत असतं, आणि हवा किती दाबणार ते लिटरवर ठरतं, दोन्ही 6.7 लिटरच. म्हणजे जास्तीचे 50 एचपी चढायला आहेत, उतरायला नाहीत. नव्याने 300वर बसणाऱ्या ड्रायव्हरला हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

खलघाटला नर्मदेवर आलो, उस्तादांनी हात जोडले, नर्मदे हर. पुलापलीकडे चहा, आणि मग सरळ सपाट रस्ता.

सपाटीवर खरं सांगायचं तर काहीच फरक नाही, म्हणजे शून्य. दोन्ही गाड्या 55-60ने एकमेकींच्या मागे चालल्यात, दोघींचा आरपीएमचा काटा 1300-1400वर, दोघी टॉप गिअरमध्ये. तसंही ट्रकना 80चा स्पीड गव्हर्नर आहे त्यामुळे पुढे पळून जायचा प्रश्नच येत नाही. मी कागदावर मांडून बघितलं, 45 टनाची गाडी सपाटीवर 60ने ओढायला टायरचं घर्षण आणि समोरची हवा मिळून चाकाला साधारण 80-90 एचपी लागतात. बस. 250मधले पण दीडशे रिकामेच बसलेत आणि 300मधले दोनशे.

आणि आता तो 2300 आरपीएमचा मुद्दा. 2300वर ट्रक कोण चालवतं? कोणीच नाही. मीटरवर हिरवा पट्टा असतो, डिझेल वाचवायचं असेल तर ड्रायव्हर तिथेच राहतो, आणि एचपी काढायचा हिशोब सोपा आहे, टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 7121. 1400वर 250च्या गाडीकडे जास्तीत जास्त 187 एचपी असतात आणि 300च्या गाडीकडे 216. बॉनेटवर 50चा फरक लिहिलाय, ड्रायव्हरच्या पायाखाली तो 29चा झालाय. म्हणून मी आता सगळ्यांना सांगतो एचपी नंतर बघा, आधी टॉर्क बघा आणि तो कुठल्या आरपीएमपासून कुठल्या आरपीएमपर्यंत मिळतो ते बघा.

सेंधव्यात जेवण, बिजासनी मातेला नारळ, घाट उतरून पळासनेर म्हणजे महाराष्ट्र. नानांचा चेहराच बदलतो तिथे. रात्री धुळ्याला मुक्काम, ढाब्यावर शेवभाजी इतकी जहाल होती की भावाने दोन ग्लास ताक प्यायलं.

बुधवार, धुळे ते न्हावाशेवा

मालेगाव सोडलं आणि चांदवडच्या अलीकडे राहुड घाट लागला. छोटाच आहे पण चढ आहे. आणि इथे एक विचित्र गोष्ट झाली, आमची 300ची गाडी नानांच्या 250च्या मागेच राहिली, एक मीटरही जवळ जाईना. मला कळेना. भावाला फोन लावला, तो म्हणाला डॅशबोर्डवर लोडचं बटण कुठे आहे ते बघ.

टाटाच्या या गाड्यांना एफई स्विच असतो, लाइट, मीडियम, हेवी, म्हणजे गाडी रिकामी असेल तर लाइटवर टाकायची, संगणक इंजिनाची ताकद कमी करतो आणि डिझेल वाचतं. आमच्या गाडीत तो मीडियमवर होता. उस्ताद म्हणाले, "भैया, मैं तो हमेशा मीडियम पे ही रखता हूं, एवरेज का हिसाब सेठजी मुझसे मांगते हैं, टाइम का तो कोई मांगता नहीं." यात त्यांची काय चूक? काका खरंच महिन्याच्या शेवटी फक्त ॲव्हरेज विचारतात. म्हणजे काकांनी पैसे मोजले 300चे आणि गाडी आजवर भरल्या लोडमध्ये कमी ताकदीवरच चालत आलीय. असे किती मालक असतील इंदूरमध्ये ज्यांनी 300 घेतली, ड्रायव्हरने स्विच मीडियमवर ठेवला आणि मालक चारचौघांत सांगतोय की 300 काही कामाची नाही! हा मुद्दा मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुलना करायच्या आधी दोन्ही गाड्यांचा स्विच बघा.

नाशिकला मिसळ खाल्ली. कसारा उतरून, भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास घालवून रात्री उशिरा पोर्टच्या रांगेत लागलो. भिवंडीत 250 पण शंभर मीटर चालते आणि 300 पण शंभर मीटर.

गुरुवार, न्हावाशेवा

दिवसभर रांग, गेट पास, कागद. संध्याकाळी परतीचा माल मिळाला, दोन्ही गाड्यांना स्क्रॅपचे कंटेनर, पिथमपूरसाठी. काट्यावर परत दोन्ही 45 टन.

रात्री गाडीखाली चटई टाकून बसलो होतो तेव्हा भावाने अमेरिकेची गोष्ट काढली. तिकडे रॅम नावाचा पिकअप येतो, त्यातही कमिन्सचं 6.7 लिटरच. 2024 पर्यंत त्यात दोन प्रकार मिळायचे, साधं 370 एचपीचं आणि हाय आउटपुट 420 एचपीचं, टॉर्क 850 आणि 1075 पाउंड फूट, आपल्या मापात साधारण 1150 आणि 1450 न्यूटन मीटर. दोन्हींमागे गिअरबॉक्स पण वेगळा, कारण जास्तीचा टॉर्क साध्या गिअरबॉक्सला झेपत नाही. फोर्डचं पण तसंच, 6.7 लिटर, साधं 475 आणि हाय आउटपुट 500.

नानांना हे पटेचना. पिकअपला 420 आणि आपल्या 55 टनी गाडीला 300, उलटं नाही का? मला पण तेच वाटलं होतं. भावाने समजावलं ते असं, की पिकअपवाला पूर्ण ताकद मागतो ती एखाद्या चढावर अर्धा मिनिट, ओव्हरटेक करताना दहा सेकंद, बाकी दिवसभर इंजिन आरामात. आपलं इंजिन घाटात दहा-पंधरा मिनिटं सलग पूर्ण दाबलेलं असतं, रोज, आणि त्याने लाखो किलोमीटर चालायचंय. तेच इंजिन 420वर ठेवून कसाऱ्यात लोड चढवलं तर पिस्टन, टर्बो, हेड सगळंच तापून लवकर म्हातारं होईल. म्हणजे कंपनी एचपी ठरवते ती इंजिनात किती दम आहे यावरून नाही, तो दम किती वेळ आणि किती वर्षं काढायचाय यावरून. म्हाताऱ्या पैलवानाला रोज आखाड्यात उतरवायचं असेल तर एका दमात किती उचलतो ते विचारून काय उपयोग.

शुक्रवार, कसारा घाट

आज खरी परीक्षा होती. जून 2025 पासून समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झालाय, बोगद्यातून थेट वर निघता येतं, पण आमच्या गाड्या अजून जुन्या रस्त्यानेच जास्त जातात आणि मोजायचं होतं ते घाटातच. मी आज 250मध्ये नानांजवळ, भाऊ 300मध्ये. उस्तादांना सांगून स्विच हेवीवर. आमचा आधीच हेवीवर होता, नाना म्हणतात स्क्रॅप भरून मीडियमवर घाट चढणारा माणूस मी अजून पाह्यला नाही.

मोजायची पद्धत अगदी साधी आहे, कोणीही करू शकतो, डायनो (ताकद मोजायचं यंत्र) नको काही नको. काट्याची पावती आहे म्हणजे वजन माहितीये. फोनमध्ये उंची दाखवणारं ॲप टाका. चढावर एक खूण पकडा आणि 200 मीटर उंची वाढेपर्यंत घड्याळ लावा. एक हॉर्सपॉवर म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणं, हे शाळेत शिकलो होतो. तर वजन किलोत गुणिले उंची मीटरमध्ये, भागिले सेकंद, भागिले 75. झालं. गाडी स्वतःच तराजूत उभी राहते.

आम्ही निवडलेला टप्पा साधारण पाच किलोमीटरचा, मध्ये कुठे ट्रॅफिक अडला नाही हे नशीब. दुपारची वेळ, मार्चचं ऊन, इंजिन तापल्यावर फॅन असा काही लागायचा की केबिनमध्ये बोलणं ऐकू येईना. तो फॅन पण ताकद खातो, दहा-वीस एचपी सहज, त्यात एअर कंप्रेसर, स्टिअरिंगचा पंप. नानांनी एसी बंद केला, म्हणाले घाटात एसी चालू ठेवणं म्हणजे गाडीचा अपमान. दोन वळणांवर एक-एक गिअर खाली घ्यावा लागला, काटा 1800-1900ला धरून होता, आणि नाना पूर्ण वेळ गाडीशी बोलत होते, चाल माय, चाल.

आम्हाला लागले 11 मिनिटं 10 सेकंद. भावाला 9 मिनिटं 20 सेकंद.

इगतपुरीत थांबून दोघांनी वेगवेगळा हिशोब केला आणि मग जुळवला. 45,000 किलो गुणिले 200 मीटर, भागिले 75 म्हणजे 1,20,000. याला आमच्या 670 सेकंदांनी भागलं तर 179, त्याच्या 560ने भागलं तर 214. ही नुसती उचलायची ताकद. टायर रस्त्यावर घासतात त्याचे टनाला सहा किलो धरले तर आमचे अजून 27 आणि त्याचे 32. एकूण 206 आणि 246. हवेचा विरोध एवढ्या कमी स्पीडला किरकोळ, तो सोडून दिला. फोनचं उंचीचं माप पाच-सात मीटर इकडे तिकडे होऊ शकतं, पण दोन्ही गाड्यांना खुणा त्याच होत्या म्हणून तुलना पक्की आहे.

तर 250च्या गाडीने चाकावर 206 दिले आणि 300च्या गाडीने 246. दोन्हीत साधारण अठरा टक्के गिअरबॉक्स, एक्सल, फॅन यांनी खाल्ले, आणि काटा 2300 ऐवजी 1800-1900वर होता तो फरकही त्यातच आला. कागदावरचा 50चा फरक घाटात 40चा निघाला, खरा आहे, हाताला लागतो. पण वेळेत तो किती? एका घाटात एक मिनिट पन्नास सेकंद! एवढ्यासाठी जास्तीचे पैसे द्यायचे का हा प्रश्न उभा राहतोच.

पण मी दोन्हीत बसलोय म्हणून सांगतो, फक्त घड्याळ बघू नका. भाऊ म्हणाला उस्तादांनी ज्या वळणांवर गिअर वरच ठेवला तिथेच नानांना खाली यावं लागलं. गिअर कमी पडले की क्लच वाचतो, माणूस वाचतो. नानांचा शर्ट इगतपुरीला पोचेपर्यंत पाठीला चिकटला होता, आणि त्यांना पुढे रात्रभर चालवायचं होतं.

शनिवार, बिजासन आणि मानपूर

पळासनेरकडून बिजासन घाट चढताना परत तेच, 300 पुढे निघून गेली आणि वर आमची वाट बघत उभी. धामनोदहून मानपूरच्या चढावर मात्र तुलना झालीच नाही. मोजलं नाही, पुढे एक ट्रेलर बंद पडला होता आणि सगळे एका लाइनीत सरकत होते. नानांनी शिरपूरला घरी फक्त दहा मिनिटं थांबून डबा घेतला, कळण्याची भाकरी आणि ठेचा, सेंधव्यात सगळ्यांनी मिळून संपवला. संध्याकाळी पिथमपूरला दोन्ही गाड्या खाली केल्या.

डिझेलचं पण लिहितो, पूर्ण फेरीत दोन्हींचं ॲव्हरेज इतकं जवळ होतं की त्यावरून काही ठरवता येणार नाही. आणि ते बरोबरच आहे, तेच वजन त्याच डोंगरावर चढवायला काम तेवढंच लागतं, लवकर चढवा नाहीतर उशिरा. डिझेल खातो तो रिकामी गाडी हेवीवर पळवणारा पाय, 300चा आकडा नाही.

रविवार, इंदूर

सकाळी पोहे-जलेबी घेऊन काकांकडे गेलो, कागद समोर ठेवला. काकांनी तीनदा वाचला. मग विचारलं, म्हणजे 300 घ्यायची का? मी म्हटलं लाइनवर आहे. न्हावाशेव्याची लाइन, पूर्ण लोड, जाता-येता घाट, तिथे 300च, डोळे झाकून. देवास, उज्जैन, भोपाळकडचं लोकल काम किंवा अर्धा लोड, तिथे 250 पुरून उरते आणि वाचलेल्या पैशात चांगले टायर येतील. आणि दोन्हीत काही असो, ड्रायव्हरला नुसतं ॲव्हरेज नका विचारू, लोड किती होतं आणि स्विच कुठे होता ते पण विचारा.

काकांनी लगेच उस्तादांना फोन लावला आणि सांगितलं की भरलेल्या गाडीत घाटात हेवी, त्यात ॲव्हरेज थोडं इकडे तिकडे झालं तरी पगारातून काही कापणार नाही. नवीन गाडी 300ची ठरली, नाना त्यावर जाणार, आणि 4625 आता भोपाळ लाइनला लागेल. पुढच्या महिन्यात अहमदाबादचा लोड आहे, झाबुआकडचा माछलिया घाट त्याच पद्धतीने मोजायचाय, कोणाच्या गाड्या त्या लाइनवर असतील तर काट्याची पावती आणि चढाईची वेळ लिहून ठेवा, आपण आकडे जुळवून बघू.